लेखणी कोणाच्या हातात? कोड लिहिणाऱ्यांच्या नजरेतून चार मानकसंस्था

दोन जणांनी एकमेकांना न भेटता, फक्त एक दस्तऐवज वाचून दोन प्रोग्रॅम लिहिले आणि ते पहिल्याच जोडणीत एकमेकांशी नीट बोलले, तर तो दस्तऐवज मानक म्हणवून घ्यायला लायक. ही कसोटी कठोर आहे, आणि ती पार करणारे दस्तऐवज बहुतेक वेळा अशाच लोकांनी लिहिलेले असतात ज्यांनी त्या आठवड्यात स्वतः तो कोड चालवून पाहिलेला असतो.

म्हणून इथे इंटरनेटच्या प्रोटोकॉलची मानकं करणारी आयईटीएफ, जावास्क्रिप्ट भाषेची टीसी३९, एचटीएमएलची व्हॉटडब्ल्यूजी आणि वेबच्या इतर मानकांची डब्ल्यू३सी या चार संस्थांकडे एक सेवा म्हणून पाहिलं आहे. प्रश्न एकच: रोज कोड लिहिणाऱ्याचा शब्द निर्णयापर्यंत पोचतो का, आणि पोचत असेल तर तो नियमामुळे पोचतो की एखाद्या समजूतदार अध्यक्षाच्या भरवशावर? अध्यक्ष बदलतात, नियम टिकतात. त्यामुळे गुण देताना माणसांपेक्षा नियमांकडे जास्त पाहिलं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. आत शिरायला आयईटीएफ सर्वांत मोकळी. कोडला नियमानेच स्थान देण्यात टीसी३९ आज सर्वांत पुढे. व्हॉटडब्ल्यूजी वेगवान आणि काटेकोर, पण ब्राउझर इंजिनवर काम न करणाऱ्याचा हात तिथे लवकर अडतो. डब्ल्यू३सी चाचपणीत उत्तम, गतीत मध्यम. आणि चारही ठिकाणी एक दुखणं सारखंच आहे: नेतृत्वाची जागा मिळाली की माणसाच्या हातून कोड सुटतो.

आयईटीएफ

इथे सभासदत्व नाही, त्यामुळे वर्गणीही नाही. कंपनीचा प्रतिनिधी म्हणून कोणी येत नाही, प्रत्येक जण स्वतःच्या नावाने बोलतो. वर्षाला तीन बैठका होतात, दूरस्थ हजेरी चालते, आणि ज्यांना शुल्क परवडत नाही त्यांना दूरस्थ नोंदणीत माफी मिळते. पहिली बैठक जानेवारी १९८६ मध्ये २१ जणांची झाली होती, आणि १९९२ मध्ये डेव्हिड क्लार्क यांनी या संस्थेची ओळख दोन गोष्टींत सांगितली: ढोबळ सहमती आणि चालता कोड. राजे, अध्यक्ष आणि मतदान यांना त्यांनी त्याच वाक्यात नकार दिला होता.

सुरुवात कशी करायची ते सरळ आहे. मसुदा मार्कडाउनमध्ये लिहा, क्रॅमडाउन-आरएफसी या साधनाने त्याचं एक्सएमएल करा आणि डेटाट्रॅकर या आयईटीएफच्या संकेतस्थळावर चढवा. नावात आधी ड्राफ्ट, मग तुमचं आडनाव, गट, विषय आणि शेवटी ००. मसुद्याचं आयुष्य १८५ दिवस. तेवढ्यात नवी आवृत्ती चढवली नाही तर तो कालबाह्य ठरतो. बैठकीच्या सुमारे दोन आठवडे आधी नवे मसुदे घेणं बंद होतं, ही तारीख चुकवणारे दर वेळी भेटतात. वर्किंग ग्रुपने, म्हणजे त्या विषयाच्या कामगटाने, मसुदा दत्तक घेतला की नावातलं आडनाव जाऊन तिथे आयईटीएफ येतं. हा बदल नावापुरता नाही. त्या दिवसापासून मजकुरावर गटाचा ताबा असतो, लेखक संपादक होतो, आणि गटाचा निर्णय स्वतःला पटला नाही तरी तो त्याला लिहावा लागतो. ज्याला हे जमणार नाही त्याने दत्तक देण्याआधीच विचार करावा. अध्यक्ष संपादक बदलू शकतात.

कोडसाठी इथे तीन चांगल्या सोयी आहेत. पहिली, मसुद्यात अंमलबजावणीची स्थिती सांगणारा विभाग. आरएफसी ७९४२ ने (आरएफसी म्हणजे प्रकाशित झालेला, क्रमांक मिळालेला दस्तऐवज) २०१६ मध्ये त्याची रीत घालून दिली: कोणी बनवलं, किती भाग झाला, मसुद्याची कोणती आवृत्ती, परवाना कोणता, बनवताना काय अडलं. प्रकाशनाआधी हा विभाग काढून टाकतात. यातला 'काय अडलं' हा भाग सर्वांत मोलाचा आणि नेमका तोच सर्वांत जास्त वेळा कोरा. विभाग ऐच्छिक आहे हीच त्याची उणीव. दुसरी सोय हॅकेथॉन. मार्च २०१५ मध्ये डॅलसच्या बैठकीपासून तो नियमित आहे, बैठकीच्या आधीच्या शनिवार-रविवारी भरतो आणि त्याला शुल्क नाही. तिसरी सोय कमी लोकांना माहीत असते: आरएफसी ७१२० नुसार, मसुदा पक्का होण्याआधीच प्रोटोकॉलमधले आकडे वाटणाऱ्या आयानाकडून एका वर्षासाठी कोडपॉइंट, म्हणजे राखीव आकडा, मागता येतो आणि मुदत वाढवूनही घेता येते. ती वापरली नाही तर काय होतं? प्रत्येक जण मनाला येईल तो आकडा घेऊन चाचणी करतो, त्यातला एक आकडा चुकून खऱ्या वापरकर्त्यांपर्यंत जातो, आणि मग तो आकडा दुसऱ्या कामाला कायमचा निकामी होतो. गटाच्या अध्यक्षांनी स्वतः कधी प्रोटोकॉल लिहिला असेल तर हा अर्ज ते वेळेवर करतात. नसेल तर कोणीतरी आठवण करून द्यावी लागते.

कोड जवळ असला की काय घडतं याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण टीएलएस १.३, वेबवरची जोडणी कूटबद्ध करणारा प्रोटोकॉल. ऑगस्ट २०१८ मध्ये आरएफसी ८४४६ म्हणून प्रकाशित होण्याआधी त्याचे २८ मसुदे निघाले. कागदावर रचना आधीच नीट होती. पण ब्राउझरमधून मसुद्याच्या आवृत्त्या प्रत्यक्ष वापरकर्त्यांकडे गेल्यावर जोडण्या तुटायला लागल्या. वाटेतली नेटवर्क उपकरणं अनोळखी आवृत्ती दिसली की जोडणी सोडून देत होती. उपाय असा निघाला की नवी जोडणी बाहेरून जुन्या टीएलएस १.२ च्या पुनर्जोडणीसारखी दिसावी. जुन्या रकान्यात आवृत्ती १.२ चीच ठेवली, खरी आवृत्ती 'सपोर्टेड व्हर्जन्स' नावाच्या विस्तारात गेली, सत्र-क्रमांक जसाच्या तसा परत पाठवला, आणि ज्याला आता काहीच अर्थ उरला नव्हता असा 'चेंज सायफर स्पेक' संदेश मुद्दाम घातला. यातले बहुतेक बदल २२ व्या मसुद्यात आले. असला बदल केवळ वादविवादातून निघणं शक्य नाही. त्यासाठी हातात मोजमाप लागतं, आणि मोजमाप करायला आधी चालता कोड लागतो. अशाच अनुभवातून ग्रीस ही युक्ती निघाली (आरएफसी ८७०१, २०२०): क्लायंट मुद्दाम काही निरर्थक, राखीव मूल्यं पाठवत राहतो, म्हणजे अनोळखी मूल्य दिसताच कोसळणारा सर्व्हर लवकर उघडा पडतो.

क्विक या वाहतूक-प्रोटोकॉलच्या वेळी ही शिस्त आणखी पुढे गेली. गटाने सगळे वाद गिटहबवर ठेवले आणि प्रत्येक मुद्द्यावर 'डिझाइन' किंवा 'संपादकीय' असं लेबल लावलं. डिझाइनचा मुद्दा गटाच्या सहमतीशिवाय मिटवता येत नसे, संपादकीय मुद्दा संपादक स्वतः मिटवू शकत. साधी वाटणी, पण तिच्यामुळे संपादकाने रात्रीतून अर्थ बदलला अशी तक्रार उरत नाही. सोबत आंतरचाचणीचं यंत्र उभं राहिलं: प्रत्येक अंमलबजावणीची एक डॉकर प्रतिमा, मध्ये नेटवर्कचं सिम्युलेशन, आणि प्रत्येक क्लायंट प्रत्येक सर्व्हरशी ठरलेल्या चाचण्यांवर. हँडशेक, रिट्राय, पुनर्जोडणी, शून्य फेरीतला डेटा, गहाळ होणारे आणि बिघडलेले पॅकेट. एखादी चाचणी आपल्याला येतच नसेल तर प्रोग्रॅमने १२७ हा कोड देऊन बाहेर पडायचं, म्हणजे 'नापास' आणि 'अजून केलं नाही' यांत गल्लत होत नाही. तक्त्यात एकच रकाना लाल असेल तर तुमच्या कोडमध्ये चूक. पण एकाच ओळीत निम्मे लोक एका बाजूला आणि निम्मे दुसऱ्या बाजूला पडले, तर चूक बहुधा मजकुरात आहे, वाक्याचे दोन अर्थ निघतायत. हा भेद तक्ता सांगतो, चर्चा सांगू शकत नाही. मे २०२१ मध्ये आरएफसी ९००० आला तेव्हा त्यातल्या बहुतेक कडक अटींपुढे, अट मोडली तर समोरच्याने कोणती त्रुटी दाखवून जोडणी बंद करायची, तेही लिहिलेलं होतं. मसुदा तपासणाऱ्यांनी ही सवय उचलावी: प्रत्येक 'केलंच पाहिजे' पाशी थांबून विचारा, नाही केलं तर घेणाऱ्याने काय करायचं? उत्तर नसेल तर प्रत्येक जण आपापलं उत्तर लिहील.

आता उलटी बाजू, कारण चालता कोड होता म्हणून सगळं सुरळीत झालं असं नाही. एचटीटीपी/२ मधली प्राधान्याची व्यवस्था पाहा. मे २०१५ च्या आरएफसी ७५४० मध्ये प्रत्येक प्रवाह दुसऱ्या प्रवाहावर अवलंबून ठेवता येत होता, १ ते २५६ वजन देता येत होतं, वर 'फक्त याच्याखाली' असा आणखी एक झेंडा. म्हणजे सर्व्हरने प्रत्येक जोडणीसाठी एक बदलतं झाड सांभाळायचं. अंमलबजावण्या पुष्कळ होत्या, आंतरचाचण्याही झाल्या. पण चाचण्यांनी पाहिलं ते इतकंच की प्राधान्याची फ्रेम नीट वाचली जाते का. ती वाचून सर्व्हर खरोखर क्रम बदलतो का, हे मोजलं गेलं नाही. ब्राउझरांनी तीन तऱ्हेची झाडं पाठवली, अनेक सर्व्हरांनी ती अर्धवट पाळली किंवा सोडून दिली. जून २०२२ मध्ये आरएफसी ९११३ ने ही व्यवस्था मोडीत काढली, आणि त्याच महिन्यात आरएफसी ९२१८ ने तिच्या जागी दोनच गोष्टी ठेवल्या: ० ते ७ निकड, जिथे काही न सांगितल्यास ३ धरायचं, आणि उत्तर तुकड्यातुकड्याने उपयोगी पडतं का याचा हो-नाही झेंडा. सात वर्षं गेली. आंतरचाचणीत बाइट जुळले म्हणजे वागणूक जुळली असं धरून चालणं ही कोड लिहिणाऱ्यांचीच चूक, आणि ती कबूल केलेली बरी.

नियमाच्या बाजूने आयईटीएफचा एक मोठा खड्डा आहे, तो बाहेरच्यांना फारसा दिसत नाही. आरएफसी २०२६ (१९९६) नुसार 'प्रस्तावित मानक' या पहिल्या पायरीसाठी साधारणपणे अंमलबजावणीची अटच नाही. दोन स्वतंत्र, एकमेकांशी चालणाऱ्या अंमलबजावण्या लागतात त्या 'इंटरनेट मानक' या पुढच्या पायरीला. पण व्यवहारात बहुतेक दस्तऐवज पहिल्या पायरीवरच राहतात आणि जग तेच अंतिम समजून वापरतं. म्हणजे चालत्या कोडची परंपरा जिथे आहे तिथे ती गटाच्या सवयीत आहे. राउटिंगमधल्या आयडीआर गटाने दोन अंमलबजावण्यांची अट स्वतःहून लावून घेतली आहे. असे गट शोधून त्यांतच काम करावं, हा या परीक्षणातला सर्वांत उपयोगी सल्ला.

सहमती ठरवण्याची रीत मात्र कोड लिहिणाऱ्याच्या बाजूची आहे. आरएफसी ७२८२ (२०१४) स्पष्ट सांगतो की डोकी मोजायची नाहीत. आक्षेपाला उत्तर मिळालं का, एवढंच पाहायचं. पाच जण बाजूने आणि शंभर विरोधात असले तरी, शंभरांच्या आक्षेपांना पुरेसं उत्तर मिळालं असेल तर ती ढोबळ सहमती ठरू शकते. याचा व्यावहारिक अर्थ असा की 'मला हे आवडत नाही' याला वजन नाही, पण 'ही स्थिती आली की दोन्ही टोकं एकमेकांची वाट पाहत अडकतात, ही घ्या पॅकेटची नोंद' हे एकट्याने म्हटलं तरी अध्यक्षांना थांबावं लागतं. एकट्या प्रोग्रामरकडे यापेक्षा मोठं हत्यार कुठल्याच संस्थेत नाही.

टीसी३९

जावास्क्रिप्टची ही समिती एक्मा या मानकसंस्थेच्या छत्राखाली चालते. प्रतिनिधी म्हणून बसायला सभासद संस्थेकडून यावं लागतं किंवा निमंत्रित तज्ज्ञ व्हावं लागतं. बाहेरच्याला प्रस्तावांवर बोलता येतं, चाचण्या लिहिता येतात, पण मजकूर द्यायचा तर हक्कांच्या करारावर सही लागते. प्रवेशाच्या बाबतीत आयईटीएफपेक्षा एक पायरी वर.

नियमांत मात्र ही समिती खणखणीत आहे. प्रस्तावाच्या पायऱ्या ० ते ४. चौथ्या पायरीला टेस्ट२६२ या चाचणीसंचातल्या चाचण्या पास करणाऱ्या दोन अंमलबजावण्या आणि प्रत्यक्ष वापरातला अनुभव लागतो. ही अट जुनी आहे. अडचण तिसऱ्या पायरीवर होती. तिसरी पायरी म्हणजे इंजिनवाल्यांना 'आता बांधायला घ्या' असा इशारा, पण तेव्हा चाचण्या तयार असतीलच असं नव्हतं. मग दोन इंजिनं मजकूर वाचून दोन अर्थ लावत, आणि फरक कळेपर्यंत एक अर्थ लोकांच्या हाती गेलेला असे. २०२३ च्या अखेरीस समितीने मध्ये २.७ ही पायरी घातली: मजकूर तत्त्वतः मान्य, आता चाचण्या लिहा, चाचण्या झाल्या की तिसरी. आकडा विचित्र दिसतो, बदल अगदी योग्य आहे. चाचणी लिहायला बसलं की वाक्यातली संदिग्धता पहिल्या तासात बाहेर येते: कोणता गेटर आधी बोलावला जाईल, अपवाद नेमका कुठे फेकला जाईल, क्रमाने दोनदा वाचलं तर काय. हे काम ज्येष्ठ प्रतिनिधी करत नाहीत, रोज कोड लिहिणारे करतात. आणि २.७ नंतर त्यांच्या कामाशिवाय प्रस्ताव पुढे सरकत नाही. त्यांना अधिकार मिळाला तो पदामुळे नाही, पायरीच्या अटीमुळे. चारही संस्थांमधला हा आमच्या मते सर्वांत चांगला नियम.

चाचणीसंचातही सगळं येत नाही. मार्च २०१८ चं फ्लॅटन प्रकरण त्याचा दाखला. याद्या सपाट करणारी ही पद्धत फायरफॉक्सच्या नाइटली, म्हणजे रोज निघणाऱ्या चाचणी-आवृत्तीत आली आणि मूटूल्स या जुन्या लायब्ररीवर चालणारी साइट मोडली. कारण बारीक आहे. मूटूल्स स्वतःची फ्लॅटन बसवत असे आणि नंतर फॉर-इनच्या फेरीने यादीच्या सगळ्या पद्धती आपल्या दुसऱ्या प्रकारावर उतरवत असे. भाषेच्या मूळ पद्धती त्या फेरीत दिसत नाहीत. मूळ फ्लॅटन आधीच हजर असल्याने तिच्यावर लिहिलेली मूटूल्सची पद्धतही 'न दिसणारी'च राहिली आणि पुढे उतरली नाही. शेवटी नाव फ्लॅट झालं आणि ते ईएस२०१९ मध्ये आलं. यातून शिकण्यासारखं एवढंच की ब्राउझरच्या नाइटली आवृत्तीत लवकर टाकणं ही चाचणीचीच एक जात आहे, आणि प्रस्तावाच्या पाठीराख्याने त्यासाठी वेळ राखून ठेवायला हवा.

डेकोरेटरची, म्हणजे क्लास किंवा पद्धतीला वरून जोडायच्या खुणांची, गोष्ट कडू आहे. टाइपस्क्रिप्ट या जावास्क्रिप्टवर आधारलेल्या भाषेने २०१५ मध्ये १.५ आवृत्तीत ते प्रायोगिक म्हणून दिले, लोकांनी त्यांवर मोठमोठ्या लायब्रऱ्या उभ्या केल्या. समितीत मात्र आराखडा पुन्हा पुन्हा बदलला, कारण इंजिन बनवणाऱ्यांना क्लासचा आकार धावत्या वेळी बदलणारी रचना परवडत नव्हती. तिसरी पायरी आली मार्च २०२२ मध्ये, आणि तोवर प्रायोगिक रूपावर लिहिलेला कोड नव्या रूपाशी जुळत नव्हता. पॅरामीटरवरचे डेकोरेटर तर नव्यात नाहीतच. इथे कोड लिहिणारे दोन गट होते, लायब्ररीवाले आणि इंजिनवाले, आणि दुसऱ्या गटाचा आक्षेप निर्णायकपणे यायला फार उशीर झाला. 'प्रोग्रामरांना विचारा' एवढं पुरत नाही. कुठल्या थरावरच्या प्रोग्रामरांना विचारलं, ते महत्त्वाचं.

व्हॉटडब्ल्यूजी आणि डब्ल्यू३सी

या दोघांचं वेगळं होणं हाच आपल्या विषयाचा धडा आहे. २००४ मध्ये मोझिला आणि ऑपेराने एचटीएमएल पुढे न्यायचा प्रस्ताव डब्ल्यू३सीच्या कार्यशाळेत मांडला, तो नाकारला गेला. संस्था एक्सएचटीएमएल २ वर ठाम होती, जे जुन्या पानांशी जुळणारं नव्हतं. ब्राउझर बनवणाऱ्यांनी जूनमध्ये वेगळा गट काढला. तिथे इयन हिक्सन यांच्या संपादनाखाली जे झालं ते कंटाळवाणं पण क्रांतिकारी होतं: मोडकंतोडकं एचटीएमएल आलं तर ब्राउझरने काय करायचं, याची अक्षर-अक्षर पायरीवार रीत. ब्राउझर प्रत्यक्षात कसे वागतात ते तपासून ती लिहिली गेली. एक्सएचटीएमएल २ चं काम २००९ मध्ये थांबलं. मे २०१९ च्या करारानुसार एचटीएमएल आणि डॉम (पानाची कोडला दिसणारी रचना) आता व्हॉटडब्ल्यूजीकडेच आहेत.

व्हॉटडब्ल्यूजीचा नियम असा: अर्थ बदलणारा कोणताही बदल घ्यायचा तर किमान दोन इंजिनांची पसंती, वेब-प्लॅटफॉर्म-टेस्ट्स या सामायिक चाचणीसंचात चाचणी, आणि प्रत्येक ब्राउझरच्या दप्तरी बग नोंदवलेला. हे सगळं बदलाच्या अर्जातच भरावं लागतं. बाहेरच्या प्रोग्रामरला इथे शिरण्याची सोपी वाट म्हणजे चाचणी. मजकूर बदलायचा अर्ज महिनोन्महिने पडून राहू शकतो, पण तीन ब्राउझर तीन तऱ्हेने वागतात हे दाखवणारी छोटी चाचणी सहसा दुर्लक्षित राहत नाही. तक्रार एवढीच की अंतिम पसंती इंजिनवाल्यांचीच. फ्रेमवर्क किंवा साइट बनवणाऱ्याचा अनुभव कितीही दांडगा असला तरी त्याला नियमाने मत नाही.

डब्ल्यू३सीमध्ये सभासद कंपन्यांचं वजन जास्त, कम्युनिटी ग्रुप मात्र सर्वांना खुले. कँडिडेट रेकमेंडेशन या पायरीवर अंमलबजावणीचा पुरावा मागतात, आणि ज्या भागाबद्दल शंका आहे त्यावर 'धोक्यात' अशी खूण आधीच करता येते, म्हणजे तो भाग गळाला तरी अख्खा दस्तऐवज मागे जात नाही. ही खूण संपादक लाजेने टाळतात. टाळू नये. पूर्वी ही शिस्त नव्हती तेव्हा १९९८ च्या सीएसएस२ ची साफसफाई २.१ मध्ये करता करता जून २०११ उजाडला.

डब्ल्यू३सीच्या टॅग या स्थापत्य-गटाबद्दल वेगळं सांगायला हवं. २००१ पासून हा गट वेबच्या रचनेवर मार्गदर्शन करतो, पण बरीच वर्षं त्याची चर्चा वापरातल्या अडचणींपासून दूर होती. एखादा पत्ता नेमकी कोणती 'वस्तू' दर्शवतो, हा एचटीटीपी-रेंज-१४ म्हणून ओळखला जाणारा वाद २००२ ते २००५ चालला. २०१३ च्या सुरुवातीला अॅलेक्स रसेल, येहुदा कॅट्झ, अॅन व्हॅन केस्टरेन आणि मार्कोस कॅसेरेस निवडून आले, चौघंही ब्राउझर, लायब्ररी किंवा मानकांच्या रोजच्या कामातले. त्यानंतर गटाचा भर नव्या एपीआयच्या तपासणीकडे वळला आणि तपासण्या गिटहबवर उघड झाल्या. आज तपासणीला जाताना वापरातली अडचण आणि नमुना कोड दाखवणारा खुलासा आणि सुरक्षा-खासगीपणाची प्रश्नावली भरून द्यावी लागते. नमुना कोड आधी, आयडीएल (इंटरफेसची औपचारिक व्याख्या) नंतर, हा क्रम पाळला तर निम्म्या चुका तिथेच सापडतात. चांगलं काम. मर्यादा एवढीच की टॅगचा सल्ला सल्लाच असतो, बंधन नसतं.

कोडवरची श्रद्धा अंध होऊ नये यासाठी ब्राउझरमध्येच डेटाबेस देणाऱ्या वेब एसक्यूएलचं उदाहरण पुरेसं आहे. कोड होता, चालत होता, लोक वापरत होते. पण प्रत्येकाच्या पोटात एसक्यूलाइट हा एकच डेटाबेस-प्रोग्रॅम होता, आणि दस्तऐवजात एसक्यूएलच्या बोलीची व्याख्या म्हणून 'एसक्यूलाइट ३.६.१९ जे स्वीकारतं ते' असं लिहिलेलं. २०१० मध्ये काम थांबलं. एकच कोड दहा जणांनी वापरला तर ती एकच अंमलबजावणी. आणि कोडशिवाय मानक केलं तर काय होतं ते सी++ ने दाखवलं: टेम्प्लेटसाठीचा एक्सपोर्ट हा कीवर्ड १९९८ च्या मानकात गेला, एकाच कंपायलर-फ्रंटएंड गटाने तो बांधला, त्याच अनुभवावर आधारलेल्या २००३ च्या निवेदनात तो काढा अशी मागणी झाली, आणि सी++११ मध्ये तो निघाला. त्याच सी++११ ने कचरा-संकलनासाठी आधार घातला, कुठल्याच मोठ्या कंपायलरने तो बांधला नाही, सी++२३ ने काढून टाकला.

नेतृत्वाची खुर्ची

आता चारही ठिकाणचं समान दुखणं. आयईटीएफमध्ये क्षेत्रसंचालक, म्हणजे अनेक गटांवर देखरेख करणारे, निवडणारी समिती ज्या रीतीने बनते ती सुंदर आहे: पात्र स्वयंसेवकांतून १० जण, उघड तपासता येणाऱ्या सोडतीने, एकाच कंपनीचे दोनाहून जास्त नाहीत. पण पात्रता पाहा. आरएफसी ९३८९ नुसार गेल्या पाचांपैकी तीन बैठकांना हजेरी, किंवा गेल्या तीन वर्षांत गटाचं अध्यक्ष किंवा सचिवपद, किंवा पाच वर्षांत दोन आरएफसींवर लेखक म्हणून नाव. तीन अंमलबजावण्या लिहिल्या, शंभर संदिग्ध वाक्यं शोधून दिली, याची नोंद या यादीत नाही. दूरस्थ हजेरी धरतात एवढाच दिलासा.

आणि निवडून आलेल्याचं काय होतं? क्षेत्रसंचालकाची मुदत दोन वर्षं. साधारण दर दोन आठवड्यांनी बैठक, प्रत्येक बैठकीसाठी शेकडो पानं वाचायची, आक्षेप लिहायचे, गटांची भांडणं सोडवायची. पगार संस्था देत नाही, मालकाला द्यावा लागतो. असा वेळ मोठ्या कंपन्याच देऊ शकतात, आणि तो दिल्यावर कोड लिहायला दिवस उरत नाही. चांगले प्रोग्रामर ही खुर्ची टाळतात त्यामागे आळस नाही, हिशोब आहे. भार कमी केला, मुदत दोघांत वाटून दिली, तरच हे सुटेल. तोवर खुर्चीपेक्षा संपादकाची लेखणी आणि चाचणीसंचाची चावी या दोन जागांवर कोड लिहिणाऱ्यांनी हक्क सांगावा. खरा निर्णय बऱ्याचदा तिथेच होतो.

आठवड्याला चार तास देता येत असतील तर पहिला महिना एकाच चालू मसुद्याला द्या. वाचताना जिथे अंदाज करावा लागला ती प्रत्येक जागा वेगळा मुद्दा म्हणून नोंदवा, सोबत बाइट किंवा छोटी चाचणी. दुसऱ्या महिन्यात मसुद्याचा सर्वांत लहान पूर्ण भाग बांधा, सगळा नको. तिसऱ्या महिन्यात दुसऱ्या कुणाच्या अंमलबजावणीशी जोडून पाहा आणि निकाल स्थितीच्या विभागात घालायला संपादकाला पाठवा. कूटलेखनाचा मसुदा असेल तर चाचणी-मूल्यं मागा, आणि एकच मूल्य देऊन सुटका होऊ देऊ नका. आरएफसी ७७४८ मध्ये एक्स२५५१९ साठी तीच क्रिया १, १,००० आणि १०,००,००० वेळा करून आलेली उत्तरं दिली आहेत, कारण हातचा चुकण्याची चूक एका फेरीत बहुधा दिसत नाही.